नंदाताईंचं गाइड आणि श्रीकांतचे निळे

आमच्या फुटबॉलवेड्या कंपूत दर आठवड्याला काहीतरी घडतंच. कोणी विचारलं की आधी कुठलं सांगू, असं होऊन जातं!

युरोपातल्या क्लबांच्या मोठ्या स्पर्धेचे सामने सिंगापूरला पहाटे दिसतात. म्हणून इथल्या ईस्ट कोस्ट भागात नंदाताईंच्या फ्लॅटवर सुटीच्या सकाळी रेकॉर्डिंग बघायचं आणि तोवर स्कोअर कळू द्यायचा नाही, हा आमचा नियम. आल्या आल्या सगळ्यांचे फोन प्रेशर कुकरमध्ये! एकदा माझ्या बॉसचा फोन आला. कुकर थरथरायला लागला. मी उठणार, तर नंदाताई शांतपणे म्हणाल्या, "शिट्टी होऊ दे, मग बघू."

*

पैज असते, पण पैशांची नाही. हरणाऱ्यांनी सगळ्यांसाठी पोहे करायचे. नंदाताई बँकेत रिस्क मॅनेजर. पैज लावणाऱ्यांसाठी त्या ग्रुपवर गाइड टाकतात. कोण जखमी, कोण दमलंय, परक्या मैदानावर कोणाचे पाय लटपटतात, सगळं त्यात असतं. बाई कमालच आहे! गाइडचा पहिला नियम: "आवडत्या संघावर पैज लावू नका. आवड असेल तर जर्सी घ्या."

*

हा नियम खास त्यांच्या नवऱ्यासाठी. श्रीकांतचा कॉलेजपासून एका निळ्या जर्सीवाल्या संघावर जीव. तो संघ ही स्पर्धा कधीच जिंकला नव्हता. श्रीकांत दरवेळी त्याच्यावरच पैज लावायचा, हरायचा आणि पोहे करायचा. त्याचे पोहे इतके फर्मास व्हायला लागले की पोस्टडॉक करणारी मुग्धा काळजीनं म्हणाली, "काका, निळे जिंकले तर आम्ही खायचं काय?"

*

आणि यंदा निळे फायनलला! गाइडमध्ये नंदाताईंनी पहिल्यांदाच लिहिलं, "निळे जिंकतील." आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून निळ्यांवर पैज लावली. रेकॉर्डिंग सुरू होणार, एवढ्यात श्रीकांत उठून उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"मी ज्याच्यावर लावतो तो हरतो. माझी पैज समोरच्यांवर!"

"अरे, सामना पहाटेच संपलाय," नंदाताई म्हणाल्या. "आता तुझ्या पैजेनं काय होणार?"

"उगाच रिस्क कशाला?"

रिस्क मॅनेजर बाईंनी त्याची पैज लिहून घेतली!

निळे जिंकले, अगदी शेवटच्या मिनिटाला. श्रीकांत दार उघडून बाहेर धावला. लिफ्टपाशी शेजारच्या चिनी आंटी भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यानं त्यांचे दोन्ही हात धरले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "आय लॉस्ट, आंटी! आय लॉस्ट!"

आंटींनी पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत खास सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या,

"नेव्हर माइंड लाह. नेक्स्ट इयर शुअर विन!"