पिंजऱ्यात चढताना

ती घटना आठवली की मला अजून हसू येतं, आणि थोडी लाजही वाटते.

दुष्काळाची वर्षं होती. परंड्यात मी फौजदार होतो. कोर्ट नव्या इमारतीत गेलं आणि निजामाच्या काळातल्या जुन्या कोर्टाचं गावानं कलाभवन केलं. न्यायाधीशांच्या चौथऱ्यावर नाटकाच्या तालमी, वकिलांच्या खोलीत तबल्याचा वर्ग. साक्षीदाराचा पिंजरा तेवढा जागेवर राहिला. तो उचलायला कुणी धजेना. राखणीला कोर्टाचाच निवृत्त पट्टेवाला. मागची खोली हेच त्याचं घर.

एका सकाळी बाजाची पेटी गायब. फिर्याद दिली कलाभवनाच्या सचिवांनी. गावच्या विकास सोसायटीतले वजनदार गृहस्थ.

"कुलूप शाबूत, किल्ली म्हाताऱ्याकडं. आता काय पंचांग बघायचं का, साहेब? हाकला त्याला. माझा मेहुणा बसतो राखणीला."

चहावाल्याची खबरही तशीच: म्हातारा पोतं घेऊन जाताना दिसला. पोत्यात शेळीचा पाला निघाला, तरी मी त्याला दोन दिवस ठाण्याच्या बाकावर बसवलं. उत्तर एकच, "न्हाय, साहेब."

तिसऱ्या दिवशी मला नाटकी लहर आली. सगळ्यांना कलाभवनात बोलावलं. पिंजऱ्यात उभं राहून एकेकानं शपथेवर सांगायचं, पेटी मी नेली नाही. कायद्यात हे कुठंच बसत नव्हतं. स्टेशन डायरीत मी 'स्थळपाहणी' लिहिलं.

म्हातारा पहिला चढला. मग तबलजी, मग नाटकातला खलनायक, शेवटी सचिव. तेवढ्यात म्हातारा माझ्या कानाशी आला.

"साहेब, तीस वर्सं हितं माणसं चढताना बघितली. खरं बोलणारा वहाणा खाली काढतो. खोटं बोलायचं आसलं की पायातच ठिवतो. मंग शपथ लागत न्हाय, आसं मानत्यात."

खरंच! प्रत्येकानं पायरीशी चपला काढल्या होत्या. सचिव मात्र करकरीत कोल्हापुरी घालूनच आत उभे.

"सचिवसाहेब, वहाणा काढून परत सांगता का?"

"हे काय देऊळ हाय का?" ते गरजले.

पुरावा म्हणून याची किंमत शून्य. मी खुर्ची ओढून समोर बसलो. सगळे त्यांच्या पायांकडं बघत राहिले. अखेर ते पुटपुटले, "कडब्यात हाय."

दोन पंचांसमक्ष त्यांच्या वस्तीवरच्या गंजीतून पेटी निघाली. कुलपाची दुसरी किल्ली त्यांच्याच करदोट्याला होती.

"बाबा, ही वहाणांची खूण आधी का नाही सांगितली?" मी म्हाताऱ्याला विचारलं.

"तुमी इचारलं कुठं? दोन दिस नुस्तं, पेटी कुठंय, पेटी कुठंय!"

तेव्हापासून संशयिताला बाकावर बसवण्याआधी मी त्याच्याकडून त्याचं काम समजून घेऊ लागलो. म्हाताऱ्याची माफी मात्र त्याच दिवशी मागितली, सगळ्यांसमोर, पिंजऱ्यात चढून. बूट काढायला जरा वेळ लागला. सरकारी नाड्या.