न बोलणाऱ्या सर्व्हरसाठी मुलुंडपर्यंत

दसरा, सकाळचे आठ. निघताना मी एकटी. गोरेगावपासून सोबत माझा सहकारी पराग. मुलुंडला सर्व्हरच्या खोलीचे रखवालदार तावडेमामा. आमचे कर्णिकसाहेब दिवसभर फोनवर.

आमच्या कंपनीचे सर्व्हर मुलुंडला एका इमारतीच्या तळमजल्यावर आहेत आणि ते सांभाळणारी मी बोरिवलीत राहते. उपनगरांतल्या रक्ततपासणीच्या लॅबचे रिपोर्ट त्यांच्यावरून निघतात. प्रत्येक सर्व्हरला दोन केबली असतात, एक नेटवर्कची आणि एक सीरियल कन्सोलची. नेटवर्क गेलं तरी कन्सोलच्या केबलीतून सर्व्हर काय म्हणतोय ते घरबसल्या वाचता येतं, त्याला हुकूम देता येतो. त्या सकाळी एका सर्व्हरच्या दोन्ही वाटा एकदम बंद झाल्या. पडदा कोरा. विजेचं बटण मात्र वेगळ्या वाटेने चालतं, म्हणून मी घरूनच त्याची वीज तोडली, पुन्हा दिली. असं दोनदा केलं. तरी हूं की चूं नाही. मग श्रीखंडाचा चक्का फ्रिजमध्ये टाकला आणि लॅपटॉप, दोन जादा केबली नि टॉर्च पिशवीत घालून बाहेर पडले.

पहिली रिक्षा मिळाली ती अर्धीच सजलेली. चालक नारळ फोडल्याशिवाय हलेना. म्हणाला, "दहा मिनिटं द्या ना मॅडम. आज पूजा न करता गाडी काढली तर बायको मला घरात घेणार नाही." दहा मिनिटं दिली. खोबऱ्याचा तुकडा मिळाला.

गोरेगावला पराग चढला. आरे कॉलनीत शिरल्यावर हवा एकदम गार झाली. तबेल्यांच्या फाटकांना तोरणं होती. पाड्यांवरच्या (जंगलातल्या जुन्या वस्त्यांवरच्या) बायका रस्त्याकडेला झेंडू आणि आपट्याची पानं घेऊन बसल्या होत्या. परागने एक जुडी घेतली. पवईच्या चढावर गाड्या अडकल्या होत्या. तिथे अर्धा तास गेला आणि साहेबांचे तीन फोन आले. कांजूरमार्गला वडापाव घेतला, पण वारा नेमका कचराभूमीकडून येत होता.

"श्वास रोखून खा गं, चव चांगलीय," पराग म्हणाला.

मुलुंडला पोचायला साडेदहा झाले. तावडेमामांनी दार उघडलं. साठीकडे झुकलेला मालवणकडचा माणूस. वडील गिरणीत होते. आत सर्व्हरच्या कपाटाला झेंडूचा हार, प्रत्येक यंत्रावर हळदकुंकू, पुढ्यात पेढा. मी कपाटामागे गेले. मागची बाजूही लख्ख पुसलेली.

"मामा, मागे हात लावलात?"

"धूळ किती ती! हत्यारांची पूजा तशीच करूची? एका पेटीच्या दोन वायरी काढलंय, पुसलंय, होत्या तशा लावलंय."

होत्या तशा नव्हत्या. नेटवर्क आणि कन्सोल, दोन्हींची भोकं दिसायला हुबेहूब सारखी. केबलींची अदलाबदल झाली होती. दोन्ही शाबूत, फक्त एकमेकींच्या जागी. त्या बदलायला मला अर्धं मिनिट लागलं. मग लॅपटॉपच्या पडद्यावर कन्सोलची अक्षरं उमटू लागली. सर्व्हर डिस्क तपासत बसला होता, कारण मी दोनदा त्याची वीज तोडली होती.

"म्हणजे वाट तूच लावलीस," पराग म्हणाला.

"अर्धी."

तपासणी संपेपर्यंत तासभर बसलो. पेढा खाल्ला. मामा मात्र बसले नाहीत. आमच्याकडे परवानगीशिवाय केबलीला हात लावला की कंत्राट संपतं. गेल्या वर्षी अंधेरीच्या रखवालदाराला असंच काढलं. मामांचं कंत्राट दिवाळीनंतर नवं व्हायचंय आणि धाकटी मुलगी बारावीला आहे.

"बाई, साहेबांका सांगतलास तर माझा काय?" त्यांनी हळूच विचारलं.

रिपोर्ट सुरू झाले, लॅबचे फोन थांबले. मी दोन रंगांच्या चिठ्ठ्या काढल्या, कपाटातल्या सगळ्या केबलींना दोन्ही टोकांना लावल्या आणि तिथेच बसून साहेबांना अहवाल लिहून पाठवला: दोन केबली उलट्या लागल्या होत्या, त्यांना चिठ्ठ्या नव्हत्या, चिठ्ठ्या लावणं माझं काम होतं आणि ते राहिलं, घाईने वीज तोडल्यामुळे एक तास वाढला. एकही वाक्य खोटं नव्हतं. निघताना मामांनी आपट्याचं पान हातात ठेवलं, "सोनं घ्या" म्हणाले, पण नजर वर केली नाही.

परतताना आरेत ऊन चढलं होतं. मुलुंडची खोली मी वर्षानुवर्षं बोरिवलीहून चालवते. पडद्यावर मला तिथल्या सर्व्हरचं अक्षर न् अक्षर दिसतं. तिथे रोज धूळ कोण बघतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. घरी पोचून चक्का फेटायला घेतला, तेवढ्यात साहेबांचा मेसेज आला.

"चिठ्ठ्यांचं समजलं. केबली काढल्या कोणी?"

आज चौथा दिवस. बाकीची सगळी कामं उरकली आहेत. हे उत्तर लिहायचं आहे.