लांडग्याचा वाटा

"घरून घोंगडी घेऊन ये," मास्तर म्हणाले. "तू लांडगा. तुला फार शिकवावं लागणार नाही."

अख्खा वर्ग हसला. कल्याणच्या मुलींच्या शाळेत बक्षीस समारंभ होता. लांडगा आणि कोकराची गोष्ट करून दाखवायची होती. कोकरू मी मागितलं होतं. मोहन्याच्या माळावरच्या धनगराची पोर मी. बोट चोखायला देऊन कोकरांना दूध प्यायला शिकवलेली. पण कोकरू मिळालं मामलेदारांच्या यमूला. कोकरू ओरडतं कसं, तेही तिला ठाऊक नव्हतं. मास्तर मलाच म्हणाले, तिला शिकव.

शिकवलं. आणि जळले. तिच्या पांढऱ्या परकरावर जळले. मास्तरांच्या "शाब्बास, यमूताई"वर जळले. तिनं भर समारंभात वाक्यं विसरावीत म्हणून खंडोबाला नवस बोलले. खोटं कशाला सांगू?

त्या दिवसापासून मी लांडगीण. कुणाची लेखणी हरवली की लांडगिणीनं खाल्ली.

घरी आबांना, माझ्या वडिलांना, सांगितलं. ते लोकर पिंजत होते. रागावले नाहीत. म्हणाले, फार पूर्वी आपल्यातल्याच भावाभावांनी मेंढरं वाटून घेतली, धाकट्याला फसवलं, त्याच्या हाती काहीच दिलं नाही. तो रानात गेला, लांडगा झाला. म्हणून त्यानं कळपातलं एखादं नेलं तर आपल्यात चोरी म्हणत नाहीत.

"वाटा नेला म्हणायचं, बाय."

समारंभात यमू बें बें करत आली. टाळ्या पडल्या. मग माझी पाळी. मी म्हणायचं होतं, तू माझं पाणी गढूळ केलंस. मी अंगावरची घोंगडी काढून खाली ठेवली. समोर बक्षिसं वाटायला आलेले साहेब, मामलेदार, मास्तर.

"आधी लांडग्याचा वाटा कुणी खाल्ला, ते सांगा."

कुणी हसलं नाही. मास्तरांनी दंड धरून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी पटावरून माझं नाव गेलं.

यमू आतच. मी अजून जळत होते. पण आता नुसत्या परकरावर नाही. परकर तिच्या बापाचा, तिला लखलाभ. अक्षरं कुणाच्या बापाची?

तिसऱ्या दिवशी शाळेच्या खिडकीखाली पाटी घेऊन बसले. मास्तर हाकलायला आले. हात उगारला. मी हलले नाही.

"भीक मागायला नाही आले," मी म्हणाले. "माझा वाटा न्यायला आलेय. रोज येणार."