सातव्या गाण्यातला श्वास

गाण्यांच्या कंपनीत तिला सगळे तपासणीबाई म्हणत. कामाला लागली तेव्हा ती पॅकिंगला होती. दिवसभर कॅसेटवर चकचकीत कागद चढवायचा, एवढंच काम. खोलीत एक टेपरेकॉर्डर कायम चालू असे. एके दिवशी ती म्हणाली, "हे गाणं आज दमल्यासारखं वाजतंय." बाकीच्या हसल्या, सुपरवायझरही हसला. पण तिने हट्टच धरला तेव्हा मशीन उघडलं गेलं. आतला पट्टा सैल झाला होता आणि चार दिवसांचा सगळा माल किंचित हळू भरला गेला होता. त्यानंतर तिला हेडफोन, एक खुर्ची आणि वेगळी खोली मिळाली. कॅसेटी जाऊन सीड्या आल्या तरी तिची सही झाल्याशिवाय एकही अल्बम पुढे सरकत नसे.

कान तीक्ष्ण होता तसा स्वभाव संशयी. फोनवर कोणी "काही नाही, सहज केला" म्हणालं की ही लगेच विचारी, "कोणाला काय झालंय?" आणि दहातल्या आठ वेळा खरंच काहीतरी झालेलं असे. ती दादा-वहिनींकडे राही. दादा म्हणे, "हिच्यासमोर खोटं खोकायचीही सोय नाही." वहिनी तर माहेरी बोलायचं असलं की फोन घेऊन गच्चीवर जाई.

त्या वर्षी एका मोठ्या गायिकेचे दोन अल्बम एकाच दिवशी यायचे होते. एक अगदी नवा, आणि दुसरा जुन्या गाजलेल्या वीस गाण्यांचा संच. नव्या अल्बमवर तिने सही केली. मग जुना लावला. सहा गाणी झाली. सातवं होतं 'थांब, उद्या सांगते'. बावीस वर्षांपूर्वी या एका गाण्याने गायिकेचं नाव घरोघरी गेलं होतं. बाईंनी ते हजारदा ऐकलं असेल. 'थांब' म्हटल्यावर मध्येच एक बारीकसा श्वास होता, हसू दाबल्यासारखा.

तो श्वास नव्हता.

तिने गाणं मागे नेलं. पुन्हा ऐकलं. कपाटातली जुनी कॅसेट काढून दोन्ही शेजारी शेजारी ऐकली. चाल तीच, वाद्यंही तीच, पण गळा दुसरा. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कोणीतरी नवी पोरगी आणून नक्कल करून घेतली, आणि लोकांच्या गळ्यात मारतायत!

ती साहेबांकडे गेली. साहेब फोनवर होते. तिला पाहून त्यांनी फोन जरा लवकरच ठेवला, हेही तिने टिपलं.

"जुनं रेकॉर्डिंग नीट साफ केलंय हो बाई. म्हणून वेगळं वाटतं."

"साफ केलं तर खरखर जाते साहेब. गळा नाही जात."

"तुम्ही सही करा ना. उद्या माल जायचाय."

"उद्या?" ती म्हणाली. "काल तर आठवडा आहे म्हणत होतात."

इथे कुठेतरी पाणी मुरतंय, अशी तिची खात्रीच झाली.

संध्याकाळी ती त्या गाण्याच्या जुन्या रेकॉर्डिस्टकडे गेली. ते निवृत्त होऊन तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होते. दार त्यांच्या बायकोने उघडलं. "या, बसा ना. बोलावते यांना," म्हणून ती आत गेली. रेकॉर्डिस्टनी दोन्ही गाणी ऐकली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला.

"मला आता ऐकू कमी येतं," ते म्हणाले.

"मी एवढं हळू बोलले, ते तर बरोबर ऐकलंत काका."

"बाई, सही करून मोकळ्या व्हा. जुनी मढी कशाला उकरताय?"

आत भांड्यांचा आवाज चालू होता, तो जुनं गाणं लागल्याबरोबर थांबला होता. हे तिच्या लक्षात आलं, पण तिचे डोळे काकांच्या चष्म्यावर खिळले होते.

दोन दिवस तिने सही अडवून धरली. तिसऱ्या दिवशी गायिका मुखपृष्ठाचा फोटो पाहायला कंपनीत आली आणि बाई सरळ तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सातव्या गाण्यात तुमचा आवाज नाही."

गायिकेने बरोबरच्यांना बाहेर थांबायला सांगितलं. दार लागलं तसं विचारलं, "कुठल्या? आताच्या की जुन्या कॅसेटवरच्या?"

"आताच्या, संचातल्या."

"तो माझाच आहे," गायिका म्हणाली. "जुना माझा नव्हता."

तपासणीबाईंनी खुर्ची ओढून घेतली.

गायिका तेव्हा एकोणीस वर्षांची होती. रेकॉर्डिंगच्या दिवशी घसा पार बसला. वादकांना अंदाज यावा म्हणून कोरसमधल्या एका बाईने गाणं म्हणून ठेवलं होतं. अल्बमची तारीख जाहीर झालेली. कंपनीने तेच गाणं ठेवलं आणि वर हिचं नाव घातलं.

"बावीस वर्षं मी स्टेजवर तिची नक्कल करतेय, हे गाणं आलं की गळा आपोआप तसा लागतो. आणि लोक म्हणतात, रेकॉर्डसारखं नाही झालं." गायिका हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "म्हणून यावेळी हट्ट धरला. एकदा तरी हे गाणं माझ्या गळ्यातून जाऊ दे."

"मग हे मला का सांगताय?"

"इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं."

"ती कोरसमधली बाई कुठे असते?"

"रेकॉर्डिस्टशी लग्न झालं तिचं."

बाईंच्या डोळ्यांसमोर ते दार उभं राहिलं. "या," आणि मग तो बारीकसा श्वास, आणि मग "बसा ना." जन्मभर कानावर भाकरी कमावली, आणि नको तिथे डोळे लावून बसले, म्हणून ती मनातल्या मनात स्वतःवर चरफडली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिसरा मजला चढली. यावेळी संशय समोरून आला.

"कोणी पाठवलं तुम्हाला? साहेबांनी?" रेकॉर्डिस्टच्या बायकोने दारातच विचारलं.

"कोणी नाही."

"मग तुमचा यात काय फायदा?"

हा प्रश्न बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता. "माझ्या कागदावर गायिका म्हणून एक रकाना असतो," त्या म्हणाल्या. "त्यात खोटं लिहवत नाही."

"बावीस वर्षं लिहिलंत की."

"कळलं नव्हतं. तिचाच कोवळ्या वयातला गळा वाटला होता."

तिने वळून आत पाहिलं. आत काका पाठमोरे बसले होते. "यांनीच टेप चालू केली आणि यांनीच डबीवर तिचं नाव लिहिलं. नोकरी होती. यांच्याशी नाही भांडले, तुमच्याशी काय भांडू? पण नाव घालायचं असेल तर जुनं गाणं घाला. तिने म्हटलेल्यावर माझं नाव कशाला?"

बाईंनी आणि गायिकेने हे जाऊन सांगितलं तेव्हा साहेबांनी डोक्याला हात लावला. "लोक उद्या विचारतील, बाकीची एकोणीस तरी तिनेच म्हटलीत का?"

"विचारू देत," गायिका म्हणाली. आणि तपासणीबाई सही करेनात, त्यामुळे साहेबांचा नाइलाज झाला. संचात दोन्ही गाणी गेली, सातवं जुनं आणि एकविसावं नवं. दोन्हींखाली जिचं तिचं नाव.

साहेबांचं म्हणणं खरं ठरलं. लोकांनी विचारलं. गायिकेला महिनाभर नको नको ते ऐकून घ्यावं लागलं. नव्या अल्बमकडे कोणाचं फारसं लक्षच गेलं नाही, ते शेवटपर्यंत तिला लागून राहिलं. तपासणीबाईंनी तीन आठवडे बसून एकोणीस गाण्यांच्या मूळ टेप ऐकल्या आणि लिहून दिलं की आवाज तिचाच आहे. ते मात्र लोकांनी मानलं. ही बाई उगाच कोणावर विश्वास ठेवायची नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढे गायिकेने रेकॉर्डिस्टच्या बायकोला आपल्याबरोबर गायला बोलावलं. ती नाही म्हणाली. तपासणीबाईंनी तिला फोन लावला. "का नाही म्हणालात?"

"गळा राहिला नाही आता."

"खोटं."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग दार लोटल्याचा. मग तिने फोनवरच दोन ओळी म्हटल्या. गळा खरंच राहिला नव्हता.

"वरचा सूर गेलाय," तपासणीबाई म्हणाल्या. "खालचा अजून आहे."

"माहितीये मला," ती म्हणाली, आणि पुढचं कडवं तिने खालच्या सुरात धरलं.