विद्याताईंची काढून टाकलेली ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? बहुतेक तुम्ही विद्याताईंना ओळखत नाही, म्हणून.

विद्याताईंनी रत्नागिरीतल्या एका आंबा पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर एकहाती लिहिलं होतं. कुठल्या बागेतला माल आला, कुठल्या गाडीत चढला — सगळं त्यात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी ते काम सोडलं आणि ते माझ्याकडे आलं. मी कोड उघडला आणि मला घामच फुटला. एक-दोन अक्षरी नावं, कुठे खुलासा नाही. मालकांनी विचारलं तेव्हा म्हणालो, ताईंनी सगळा गोंधळ घालून ठेवलाय. मला काही कळलेलं नाही — एवढं म्हणायला काय झालं होतं?

मग मी एआयला विचारायला लागलो. आणि खोटं कशाला बोलू, थक्क झालो. एकेक फाइल त्याच्यापुढे करायची, हे काय करतं म्हणून विचारायचं. तेच तेच पुन्हा विचारलं तरी न कंटाळता समजावणार. हळूहळू दिसायला लागलं — गोंधळ कुठेच नव्हता. मध्येच लाइट गेली तरी अर्धी नोंद वाया जाऊ नये, एका बागेची पेटी दुसरीच्या नावावर जाऊ नये... बाईंनी किती पुढचा विचार केला होता! मला त्यांचा हेवा वाटला, आणि अभिमानही. मालकांना मात्र मी यातलं अक्षरही बोललो नाही. गोंधळ निस्तरणारा म्हणून माझं कौतुक चाललं होतं ना.

पण हे तर काहीच नाही.

एका ओळीत एक अट होती. बागेपुढे 'ओ' असेल, तर तिथला माल काही दिवस गाडीच्या यादीत दाखवायचा नाही. एआयने ती काय करते ते सांगितलं. का करते ते कोडवरून कळत नाही, काढण्याआधी लिहिणाऱ्याला विचारा, असंही सांगितलं. किती सरळ! माहीत नाही म्हणणं त्याला किती सहज जमलं. विद्याताई गावातच होत्या, फोन हाताशी होता. पण ज्यांच्या कामाला नावं ठेवली, त्यांनाच कुठल्या तोंडाने विचारू? मी ती ओळ जुना कचरा ठरवून काढून टाकली.

'ओ' म्हणजे ओला. अवकाळी पावसात भिजलेला आंबा लगेच पाठवायचा नसतो, डाग पडतात का ते बघायचं असतं. पॅकहाऊसमधली माणसं नोंदीत 'ओ' टाकून निर्धास्त असायची. मी रत्नागिरीचाच, पण आंब्याशी माझा संबंध वाटीतल्या रसापुरता. ऐन हंगामात पाऊस झाला आणि भिजलेला माल तसाच वाशीला गेला. तिथे पेट्या उघडल्या तर आंबा काळा पडलेला. मालकांनी मला विचारलं, ताईंच्या प्रोग्रॅमने ओला माल सोडला कसा? मी म्हणालो, जुना कोड आहे, कुठेतरी फसला असेल.

संध्याकाळी ताईंचाच फोन आला. मालक त्यांना नको ते बोलले होते.

"माझंच कायतरी राहून गेलं असणार रे," त्या म्हणाल्या. "तू आहेस म्हणून आता दुरुस्त तरी होईल."

आणि मी काय म्हणालो? "असू दे ताई, होतं असं कधीकधी." मी — मी त्यांना धीर दिला.

दुसऱ्या दिवशी ती ओळ मी परत घातली, होती तशीच. ती आजही चोख चालते. गावात मात्र बोभाटा व्हायचा तो झाला. आणखी एका पॅकहाऊसचं काम ताईंकडे होतं, तेही गेलं. त्यानंतर त्यांनी कोड लिहिलेला नाही. आपली चूक झाली, असं त्यांना अजून वाटतं.