हौदातली गोड बाई

आमच्या थोरल्या वन्संना अख्खा धुलाईखाना 'भूतआत्या' म्हणायचा. त्यांना राग नव्हता, उलट त्या मिरवायच्या. कामाला माणसं चहूकडून आलेली, प्रत्येकाची भाषा वेगळी, आणि येताना प्रत्येकानं आपल्याकडचं एखादं भूत सोबत आणलेलं. कुणाचं पाण्यातलं, कुणाचं वाटेवरचं, कुणाचं बिनडोक्याचं. चादरींना इस्त्री करता करता वन्सं सगळ्यांची भुतं काढून घेत आणि जेवणाच्या सुट्टीत पोरांना तिखटमीठ लावून ऐकवत.

हेतू चांगला होता, नाही म्हणत नाही. पोरांनी उकळत्या पाण्याच्या हौदाकडे फिरकू नये म्हणून त्यांनी स्वतःच एक बाई रचली. ती हौदात राहते आणि हुबेहूब आईच्या आवाजात हाक मारते. "ये गं राणी, मी रागावणार नाही." ओ दिलीत की संपलात! मग खरी आई ओळखायची कशी? वन्सं इस्त्री आपटून सांगत, "त्या बाईला रागावता येत नाही. तेवढं एकच जमत नाही तिला."

"वन्सं, किती घाबरवाल माझ्या पोरीला?" मी म्हणायची.

"घाबरली तर जिवंत राहील," त्या म्हणायच्या.

एका दुपारी सुट्टी संपली आणि माझी पाच वर्षांची पोर कुठंच दिसेना. हौदाचं झाकण उघडं होतं. पाण्यावर साबणाचा फेस, तळ दिसत नव्हता. दोघंजण लांब बांबू आत फिरवू लागले, तिकडं मला बघवेना. मी रडत हाका मारत सुटले, "ये गं राणी! कुठं आहेस? मी रागावणार नाही, शप्पथ!"

वन्संनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझा दंड धरला. "अगं, गप्प! तू त्या बाईसारखी बोलतेयस. रागाव तिच्यावर!"

रडू आवरत नव्हतं, राग कुठून आणू? पण आला. वन्संचाच आला. "आग लागो तुमच्या भुतांना!" मी किंचाळले. "कार्टे, कुठं उलथलीस? बाहेर ये, नाहीतर पाठ सोलून काढते!"

मळक्या चादरींच्या ढिगातून बारीक आवाज आला, "ओ."

घामानं निथळत पोर बाहेर आली आणि मला बिलगली. "आई, ती आली होती. तुझ्यासारखीच रडत होती."

वन्सं तिच्यापुढं मटकन खाली बसल्या. "बाळ, तशी बाई नाहीच. मी खोटं सांगितलं. आत्यानं रचली ती."

"नाही आत्या," पोर त्यांना समजावत म्हणाली, "मी ऐकलं ना तिला."

त्या दिवसापासून वन्संनी भुताचं नाव काढलेलं नाही. पण अजूनही मी लाडानं हाक मारली की पोर दारातच थांबते आणि म्हणते, "आधी रागाव."