सूजीअक्का आणि फुलीची दारं

सूजीअक्का भयंकर भित्री होती. ती सरकारी आरोग्य केंद्रातली नर्स. लांबून दिसली तरी आमच्या भागातली पोरं खाटेखाली शिरत. आणि ती स्वतः कुत्र्यांना भ्यायची, लिफ्टला भ्यायची, वीज गेली की लशींचा फ्रिज आठवून तिचे हात गार पडायचे. पण सगळ्यात जास्त भ्यायची ती शांत पडलेल्या मुलाला. "रडतंय ते लेकरू निम्मं बरं असतंय," ती म्हणायची. "गप पडलेल्याला भ्यायचं." अक्का मूळची निपाणीची. बेंगळुरूत पंचवीस वर्षं काढूनही तिच्या मराठीतली निपाणी गेली नव्हती, फक्त वर कन्नडचा एक थर चढला होता.

तिची-माझी ओळख माझ्या मूर्खपणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच होतात. मी पुण्याचा. इथे एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. स्वतःच्या चुका फुकट करतो. के. आर. पुरममध्ये आमचा नवव्या मजल्यावर फ्लॅट. एका दुपारी गेटवरच्या पहारेकऱ्याने इंटरकॉमवर सांगितलं, "सर, सूजीअक्का बंदिद्दारे." कन्नडमध्ये सूजी म्हणजे सुई, आणि अक्का आल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पण सुजी म्हणजे रवा, इथपर्यंतच माझं ज्ञान. मी म्हणालो, नको, घरात दोन किलो आहे. दहा मिनिटांनी बेल वाजली. नऊ मजले जिन्याने चढून आलेली पन्नाशीची बाई दारात धापा टाकत उभी, हातात लशींचा निळा डबा. "रवा ऱ्हाऊ द्या सर," ती म्हणाली, "लेकरू दाखवा."

आमची मनू तेव्हा अडीच महिन्यांची. तिच्या लशी खासगी रुग्णालयात होत होत्या, भिंतीवर हत्ती रंगवलेल्या खोलीत. तारीख जवळ आली की माझा फोन तीनदा आठवण करायचा. मनूचं गुळगुळीत कार्ड अक्काने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, असलं कार्ड बघितलं की जेवल्यागत वाटतंय. मग स्वयंपाकघरात भांडी वाजली. अक्काने मान वळवली आणि हुलिगेम्माशी, म्हणजे आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईशी, कन्नडमध्ये बोलायला लागली. तिला दोन वर्षांचा मुलगा आहे, बसू नावाचा, हे मला तेव्हा कळलं. ती चार महिने आमच्याकडे येत होती.

हुलिगेम्मा यादगीरकडची. नवरा बांधकामावर. आमच्या मागच्या बाजूला नवी इमारत चढत होती, तिच्या पायथ्याच्या पत्र्याच्या खोल्यांत ते राहायचे. बसूला गावी पहिल्या एक-दोन लशी मिळाल्या होत्या. नंतर हे कुटुंब कामामागे तीन गावं फिरलं आणि कार्ड कुठल्या तरी छपरात राहिलं. गोवराची लस झालेलीच नव्हती. अक्काने बजावलं, गुरुवारी केंद्रावर घेऊन ये. त्या गुरुवारी माझे साहेब आमच्याकडे जेवायला येणार होते. "पुढच्या गुरुवारी जा," हे हुलिगेम्माला सांगणारा मीच. पुढच्या गुरुवारीही काहीतरी निघालं. भरपाई म्हणून मी तिला म्हटलं, मुलाला कामावर घेऊन येत जा. तो स्वयंपाकघराच्या दारात बसून मनूचा खुळखुळा वाजवायचा आणि त्याला आत येऊ देतो याचा मला फार अभिमान वाटायचा.

तीन महिन्यांनी त्या खोल्यांमध्ये गोवर शिरला. मनू साडेपाच महिन्यांची. लस नऊ महिने भरल्यावर मिळते. म्हणजे साडेतीन महिने ती तशीच उघडी. बायको खिडक्या लावून बसली. सोसायटीची सभा झाली आणि मागच्या वस्तीतल्या बायकांना गेटच्या आत घ्यायचं नाही असं ठरलं. मीही हात वर केला, दोन्ही केले असते. अक्काला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "गोवराला गेटपास लागत न्हाई, सर. तो गेट लावायच्या आधीच येऊन गेलेला असतोय."

तरीही मदतीला माणूस हवा म्हणून ती माझ्याकडेच आली. तिने एका दिवसात सगळ्या खोल्या फिरून दारांवर खडूने खुणा केल्या होत्या. काहींवर इंग्रजी पी, काहींवर फुली. दुसऱ्या दिवशी वस्तीतच लसीकरण होतं, पण नेमकं त्याच दिवशी तिला दुसऱ्या वस्तीत पाठवलं होतं. टेबलावर बदली नर्स असेल, तुम्ही फक्त दारादारांतून बायकांना बोलवा, ती म्हणाली, खुणा केल्यात. मी आनंदाने हो म्हणालो. परोपकाराने नव्हे. खालची मुलं सुरक्षित झाली की वरची मनू सुरक्षित, हे गणित मला चांगलं येत होतं.

मी अर्ध्या दिवसाची रजा काढून, मास्क लावून कामाला लागलो. पी असलेल्या एकूण एक दारावर टकटक केली. हुलिगेम्माच्या दारावर फुली होती, म्हणजे बसूचं मधल्या काळात उरकलं, असं धरून पुढे गेलो. बायका कुरकुरत मुलांना घेऊन निघाल्या. एकीने माझ्या तोंडासमोर कार्ड नाचवलं. मी तिला गोड बोलून टेबलापर्यंत नेलं. बदली नर्स कार्डं बघायची आणि एकेकीला परत पाठवायची. मग तिने मला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. पुन्हा विचारलं, खोल्यांकडे बोट दाखवून, जरा चढ्या आवाजात. मला कन्नडमधला एकच शब्द नीट येतो. मी म्हणालो, "सरी, सरी." म्हणजे ठीक, ठीक. ती हताशपणे डबा बंद करून गेली. मी अक्काला मोबाइलवर कळवलं: पेंडिंग शून्य. तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

चार दिवसांनी दुपारी बेल वाजली. बदली नर्सची वही बघून अक्का पुन्हा नऊ मजले चढून आली होती, हातात निळा डबा. आत आली नाही, पाणीही घेतलं नाही.

"सर, फुली म्हंजे काय?"

"क्लोज्ड. झालेलं," मी म्हणालो. "आणि पी म्हणजे पेंडिंग." आमच्या ऑफिसात शेंबडं पोरही हेच सांगेल.

अक्का जिन्याच्या पायरीवर बसली. "पोलिओच्या टायमापासनं हेच हाय, सर. पी म्हंजे झालं. फुली म्हंजे ऱ्हायलं, परत यायचं." मग म्हणाली, "माझीच चूक. मी इचारून घ्याय पायजे होतं. चप्पल घाला."

फुलीची सात दारं होती. सहा दारांतली मुलं धडधाकट निघाली. अक्काने त्यांना तिथेच टोचलं, प्रत्येकाला आधी खरं सांगून: दुखणार, स्वल्प दुखणार. मुंगी चावेल वगैरे ती कधी म्हणायची नाही. खोटं सांगून टोचलं की लेकरू सुईला नाही, माणसाला भितं, असं तिचं मत होतं. सहाही जण बोंबलत होते आणि दर बोंबेला माझा जीव थोडा थोडा भांड्यात पडत होता.

सातव्या खोलीत आवाज नव्हता. हुलिगेम्मा भिंतीला टेकून बसली होती, बसू तिच्या मांडीवर. कपाळापासून पोटापर्यंत लाल पुरळ, डोळे चिकटलेले, फासळ्या वरखाली होत होत्या. अक्काने त्याला हाक मारली, गालावर टिचकी मारली. तो रडला नाही. "गाडी काढा," ती म्हणाली.

आता लिहायला लाज वाटते, पण मी जागचा हललो नाही. त्या गाडीत मागे मनूची खुर्ची होती. अक्काने माझ्याकडे पाहिलं, काय ते तिला कळलं. "तुमच्या लशी झाल्यात लहानपणी, तुम्ही काय घरी न्हेत न्हाई," ती शांतपणे म्हणाली. "खुर्ची काढून वर ठेवून या. दोन मिनिटं देते." मी खुर्ची उराशी धरून नऊ मजले वर आणि खाली पळालो. लिफ्ट आहे हे मला आठवलंच नाही.

बसूला न्यूमोनिया झाला होता. आठ दिवस ऑक्सिजन. मी अक्काला दोनदा विचारलं, त्या दिवशी टोचलं असतं तर? ती म्हणाली, तवाच आत शिरला असंल तर उपेग झाला नसता. मग म्हणाली, शिरला नसंल तर झाला असता. तिला खोटं सांगता यायचं नाही, मोठ्या माणसालाही.

पुरळ उमटायच्या चार दिवस आधीपासून गोवर लागतो, हेही तिनेच सांगितलेलं. बसू आमच्याकडे शेवटचा आला त्या दिवसापासून त्याला पुरळ उठेपर्यंतचे दिवस मी बोटांवर मोजायचो. कधी चार यायचे, कधी पाच. दोन आठवडे आम्ही मनूचं झबलं दर तासाला वर करून पाहिलं. एका सकाळी ती गरम लागली. बायको बॅटरीच्या उजेडात तिच्या कानामागे पुरळ शोधत होती आणि मी फोनवर अक्काला मनूचा श्वास ऐकवत होतो. साधी सर्दी निघाली. मनू वाचली, त्यात माझं कर्तृत्व काहीच नाही.

बसूही वाचला. फक्त कान फुटला होता आणि डाव्या बाजूने हाक मारली की तो वळायचा नाही. बरा झाल्यावर उरलेल्या लशी द्यायच्या म्हणून अक्काने त्याचं नवं कार्ड केलं, गुरुवार ठरवला. साहेबांना पिठलं खाऊ घालावं लागलं तरी या गुरुवारी सुट्टी, असं मी हुलिगेम्माला सांगितलं. त्या मंगळवारी इमारतीचं काम संपलं. संध्याकाळपर्यंत पत्रे ट्रकवर चढले, माणसंही. हुलिगेम्माचा फोन लागेना. मुकादम म्हणाला, होसकोटेकडे गेले असतील, नाहीतर हुबळीला.

पुढच्या वर्षी अक्काची बदली झाली, तीही होसकोटेकडेच. निरोप घ्यायला आली तेव्हा मी तिला लिफ्टने सोडतो म्हटलं. जीव घेता काय, म्हणाली आणि जिन्याने उतरली. आता बांधकामाचे पत्रे दिसले की ती आत शिरते, कुत्री असली तरी. अधूनमधून मला फोन करते. परवा मी मीटिंगमध्ये होतो, तरी उचलला.

"सर, एक बसू घावला."

"आपला?"

"न्हाई ओ. बिदरचा हाय. डाव्या बाजूनं हाक मारून बघितली मी. वळला."